भयपटांना वर्गाचे दार

विद्यार्थ्यांना भयपट दाखवून काही शिकवावे, असे कोणी सुचविले तर आपल्याकडील शिक्षक आणि पालक या दोघांच्याही कपाळाला आठ्या पडतील. शाळा ही निर्भयतेचा संस्कार करणारी संस्था. तेथे भुताखेतांचे काय काम, हा त्यांचा पहिला प्रश्न असेल. मुलांची झोप मोबाइलने आधीच हिरावून घेतली आहे, त्यात ही आणखी भर कशाला, हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांना बगल देऊन या विषयावर बोलणे बेजबाबदारपणाचे ठरेल. परंतु त्याबरोबरच एक वस्तुस्थितीही मान्य करावयास हवी. आठवी-नववीतील मुले भयपट पाहतच आहेत. ती ते एकटी पाहतात, रात्री पाहतात, पांघरुणाखाली धरलेल्या वीतभर पडद्यावर पाहतात. आणि पाहून झाल्यावर त्याविषयी बोलण्यास त्यांना कोणीही वडीलधारे माणूस नसते. तेव्हा मुलांनी भयपट पाहावेत की न पाहावेत, हा प्रश्न आपल्या हाती उरलेलाच नाही. ते कोणाच्या सोबतीने आणि कोणत्या हेतूने पाहावेत, एवढेच आपण ठरवू शकतो.

या प्रश्नाचे गांभीर्य मनोरंजनापुरते मर्यादित नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मुले पळविणारी टोळी आली आहे, ही अफवा त्यापूर्वी कित्येक दिवस मोबाइलवरून गावोगाव पसरत होती. त्या वर्षी देशाच्या अनेक भागांत अशाच अफवांपायी माणसे मारली गेली. त्या काळात फिरलेल्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीत तयार झालेली होती. मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांना सावध करण्यासाठी एका संस्थेने ती बनविली होती, आणि तीत पळविलेले मूल शेवटी परत आणून सोडलेले दाखविले होते. कोणीतरी तो शेवट कापून टाकला आणि उरलेला भाग खऱ्या अपहरणाचे दृश्य म्हणून भारतभर फिरू लागला. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, लक्षावधी लोकांनी एक लहानसा भयपट पाहिला आणि आपण भयपट पाहत आहोत हे त्यांना कळलेच नाही. वाचता येणारी माणसेही त्यांत होती. चित्र वाचण्याचे शिक्षण मात्र त्यांना कोणी दिलेले नव्हते.

पडद्यावरचे भय कसे घडविले जाते, कशाने वाढविले जाते आणि कोणाच्या सोयीने वळविले जाते, हे ज्याला कळते तो सहसा भयाच्या कळपात सापडत नाही. निवडक भयपटांचा वरच्या वर्गांत आणि महाविद्यालयांत अभ्यास व्हावा, असे म्हणण्यामागे हे मुख्य कारण आहे. इतर लाभ पुष्कळ आहेत, पण ते यानंतरचे.

भयाचा कलेच्या अंगाने विचार करणे ही पाश्चात्त्यांकडून उसनी घेण्याची गोष्ट आहे, असेही नाही. भरताने नाट्यशास्त्रात सांगितलेल्या आठ रसांत भयानक हा एक रस आहे. त्याचे प्रकार सांगताना भरताने व्याजाने, म्हणजे सोंगाने निर्माण झालेल्या भयाचाही स्वतंत्र उल्लेख केला आहे. अभिनवगुप्ताने तर रसप्रक्रियेचे विवरण करताना शाकुंतलाच्या पहिल्या अंकातील, दुष्यंताच्या रथापुढे पळणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले. ते हरीण भ्यालेले आहे, हे प्रेक्षकाला दिसते. त्याचे भय त्याला जाणवतेही. पण ते भय ‘माझे’ नसते आणि अमुक एका शत्रूचेही नसते. स्थळकाळाच्या आणि व्यक्तीच्या बंधनांतून सुटलेले असे ते निव्वळ भय असते, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. या साधारणीकरणात शिक्षणाचीही मोठी शक्यता दडलेली आहे. घराला आग लागली असता ज्वलनाचे रसायनशास्त्र कोणी शिकवीत नाही. ते प्रयोगशाळेतील दिव्याच्या ज्योतीवर शिकवावे लागते. भयाचा अभ्यासही अफवेने पेटलेल्या बाजारात होणार नाही. तो वर्गात, दिवे लावून, पडद्यावरच्या भयावरच करावा लागेल.

हा अभ्यास कसा होऊ शकेल, हे उदाहरणांवरूनच दाखविलेले बरे. आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘सायको’ या १९६० सालच्या चित्रपटातील स्नानगृहातील खुनाचा प्रसंग जगप्रसिद्ध आहे. तो पाहून भेदरलेल्या प्रेक्षकाला विचारले तर सुरा शरीरात पुन्हा पुन्हा घुसताना आपण पाहिला, असे तो शपथेवर सांगेल. प्रत्यक्षात तसे काही जवळजवळ दिसतच नाही. सुमारे पाऊण मिनिटाच्या त्या प्रसंगात कितीतरी तुकडे एकापुढे एक जोडलेले आहेत: हात, तोंड, पाण्याची धार, पडदा. वाहते रक्त म्हणजे चॉकलेटचा पाक आहे, आणि बर्नार्ड हर्मनने केवळ तंतुवाद्यांवर रचलेल्या कर्कश स्वरांनी उरलेले काम केले आहे. महाविद्यालयातील शिक्षकाने हा प्रसंग एकदा ध्वनीसह आणि एकदा ध्वनी बंद करून दाखवावा. दुसऱ्या वेळी भय बरेचसे ओसरते, हे विद्यार्थी स्वतःच अनुभवतील. आपल्याला न दाखविलेली गोष्ट आपण पाहिली असे आपले मन ठामपणे म्हणते, ही शिकवण कोणत्याही तर्कशास्त्राच्या पुस्तकापेक्षा अधिक खोल रुजेल. न्यायालयातील साक्षीपुराव्यापासून निवडणुकीच्या प्रचारापर्यंत तिचा उपयोग आहे.

शाळकरी विद्यार्थ्यांसाठी आपल्याच मुंबईत तयार झालेला ‘महल’ अधिक योग्य ठरेल. कमाल अमरोही यांच्या १९४९ सालच्या या चित्रपटात ओसाड वाडा आहे, मध्यरात्री झुलणारा झोपाळा आहे आणि लता मंगेशकरांच्या स्वरात दुरून ऐकू येणारे ते विख्यात गीत आहे. तो स्वर दुरून जवळ येत आहे असे वाटावे, यासाठी ध्वनिमुद्रणाच्या वेळी गायिकेला दूर उभे करून गात गात मायक्रोफोनजवळ यावयास सांगितले होते. प्रकाश आणि छायांचा तो खेळ ज्याने रचला तो जोसेफ विर्शिंग हा बॉम्बे टॉकीजमध्ये काम केलेला जर्मन छायालेखक. आणि एवढे सगळे करून शेवटी उलगडते काय? जिला नायक मृतात्मा समजत होता ती त्या वाड्याच्या माळ्याची जिवंत मुलगी निघते. भूत नव्हतेच; पण भुतावरच्या विश्वासाने एका निरपराध पत्नीचा बळी मात्र घेतला. अंधश्रद्धेविषयी कितीही प्रवचने झोडली तरी जे साधणार नाही, ते या एका कथेच्या चर्चेतून साधू शकते.

इतिहास आणि वाङ्मय या विषयांच्या शिक्षकांना तर या चित्रपटांत मोठे भांडार सापडेल. ‘गोजिरा’, म्हणजेच जगाला ‘गॉडझिला’ या नावाने ठाऊक झालेला जपानी चित्रपट, हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबची चाचणी केली. तिची किरणोत्सर्गी राख एका जपानी मासेमारी नौकेवरील २३ खलाशांच्या अंगावर पडली आणि त्यांच्यापैकी एकाचा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मृत्यू झाला. इशिरो होंडा यांचा चित्रपट पडद्यावर आला तो नोव्हेंबरमध्ये. समुद्रावर डोळे दिपविणारा लखलखाट होतो आणि एक नौका नष्ट होते, अशीच त्याची सुरुवात आहे. हिरोशिमा आणि नागासाकी यांना जेमतेम नऊ वर्षे झाली होती. त्या पहिल्या दृश्याचा अर्थ जपानी प्रेक्षकाला कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. १९५६ साली याच चित्रपटाची अमेरिकी आवृत्ती निघाली. तीत एका अमेरिकी वार्ताहराचे पात्र मध्ये घुसविण्यात आले, अणुचाचण्यांविषयीचे बरेच संवाद गाळले गेले आणि चाचण्या चालूच राहिल्या तर असे आणखी प्राणी निर्माण होतील, हा शास्त्रज्ञाच्या तोंडचा शेवटचा इशाराही नाहीसा झाला. उरला तो एक अवाढव्य सरडा. या दोन आवृत्ती शेजारी शेजारी ठेवल्या की इतिहास कसा कापला जातो, हे दहावीच्या विद्यार्थ्यालाही स्पष्ट दिसेल.

‘फ्रँकेन्स्टाइन’ची कहाणी याहून बोलकी आहे. १८१५ साली इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्याच्या धुळीने पुढल्या वर्षी युरोपात उन्हाळा आलाच नाही. जिनिव्हाच्या सरोवराकाठी पावसात अडकून पडलेल्या मंडळींनी भुताच्या गोष्टी रचण्याची पैज लावली, आणि त्यांतील अठरा वर्षांच्या मेरी शेलीने जी कथा सुरू केली ती १८१८ साली कादंबरी म्हणून प्रसिद्ध झाली. भूगोल, विज्ञान आणि वाङ्मय एका धाग्यात ओवणारा असा पाठ दुसरा कोणता असेल? कादंबरीतील तो मानवनिर्मित प्राणी बुद्धिमान आहे. तो लपूनछपून भाषा शिकतो, मिल्टन वाचतो, आणि निर्मात्याने व समाजाने झिडकारल्यामुळे क्रूर बनतो. जेम्स व्हेल यांच्या १९३१ सालच्या चित्रपटात मात्र तो मुका आहे आणि त्याच्या डोक्यात गुन्हेगाराचा मेंदू बसविलेला आहे. गुन्हेगार जन्माला येतो की घडविला जातो, हा समाजशास्त्राचा जुना वाद या एका बदलात उभा राहतो.

याच चित्रपटातील एका प्रसंगाचा इतिहास प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असावयास हवा. तळ्याकाठी एक लहान मुलगी त्या प्राण्याशी खेळते. दोघे पाण्यावर फुले सोडतात आणि ती तरंगतात. फुले संपल्यावर तीही तशीच तरंगेल अशा निरागस समजुतीने तो तिला पाण्यात टाकतो आणि ती बुडते. हे दृश्य फार क्रूर आहे म्हणून ते कापण्यात आले. तो मुलीकडे हात नेतो, एवढ्यावरच प्रसंग तोडला गेला, आणि मग बापाच्या हातात तिचे कलेवर दिसू लागले. परिणाम असा झाला की, प्रेक्षकांनी मधल्या रिकाम्या जागेत त्याहून किळसवाणा अत्याचार कल्पिला. क्रौर्य कमी करण्यासाठी मारलेल्या कात्रीने एका अजाण जिवाला नराधम बनविले. पुढे काही दशकांनी तो तुकडा पुन्हा जोडण्यात आला. कराचीच्या त्या चित्रफितीचा शेवट कापणाऱ्याने याच तत्त्वाचा उपयोग केला होता, फक्त त्याचा हेतू दुष्ट होता. ज्या विद्यार्थ्याने तळ्याकाठचा प्रसंग दोन्ही रूपांत पाहिला आहे, तो मोबाइलवर आलेली अर्धवट चित्रफीत पाहताच ‘याच्या आधी काय होते, याच्या नंतर काय होते’ असे विचारण्याची शक्यता अधिक आहे. तेवढा एक प्रश्न राईनपाड्याच्या बाजारात कोणी विचारला असता तर!

आपल्या समाजातील भयकथांकडेही अशाच चिकित्सक दृष्टीने पाहता येईल. मराठी मुलखातील भुतांची गणना करा: बाळंतपणात दगावलेली स्त्री हडळ किंवा अळवंतीण होते, मुंज होऊन लग्नाआधी मेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर बसतो. जिथे माणसाचे आयुष्य अपुरे राहिले, तिथे समाजाने भूत कल्पिले. हडळीच्या गोष्टीमागे वैद्यकीय मदतीवाचून मेलेल्या असंख्य बाळंतिणी उभ्या आहेत, हे विद्यार्थ्याला उमगले की त्याची भीती गळून पडते आणि तिची जागा करुणा घेते. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ हा २०१७ सालचा मराठी चित्रपट या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. उसाच्या फडातील एकाकी घर, तेथे आलेली गर्भवती तरुणी आणि त्या घराने लपविलेला मुलींच्या हत्येचा इतिहास, असा त्याचा विषय आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला. तरीही २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली ८९४ होत्या आणि बीड जिल्ह्यात ८०७. हे आकडे पाठ्यपुस्तकात वाचून परीक्षेत लिहिले जातात. ‘लपाछपी’ पाहिल्यानंतर ते वाचले तर ते विसरता येणार नाहीत.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप मुलांच्या मनावरील परिणामांचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. अमेरिकेतील हॅरिसन आणि कँटर या संशोधिकांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे ९० टक्के महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी लहानपणी पाहिलेल्या एखाद्या भयप्रद दृश्याचा परिणाम दीर्घकाळ टिकल्याचे सांगितले, आणि चौघांपैकी एकाला त्याचा त्रास अद्यापही होत होता. बीबीसीने १९९२ साली ‘घोस्टवॉच’ हा काल्पनिक कार्यक्रम प्रत्यक्ष प्रक्षेपणाच्या थाटात दाखविला, तेव्हा त्यानंतर दोन दहा वर्षांच्या मुलांना मानसोपचारांची गरज पडल्याची नोंद ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आहे. उलट बाजूने, २०२० सालच्या महासाथीत भयपटांच्या चाहत्यांना मानसिक ताण तुलनेने कमी जाणवला, असे डेन्मार्कमधील आर्हुस विद्यापीठाचे संशोधक सहभागी असलेल्या एका अभ्यासात आढळले. पण मुळात कणखर माणसेच भयपट पाहत असतील, ही शक्यता त्याने मिटत नाही. म्हणून लहान मुलांना भयपट दाखवून धीट करावे, असे म्हणणारा मनुष्य शिक्षणाचा मित्र नव्हे. ही सूचना नववीच्या पुढील विद्यार्थ्यांपुरती आहे, आणि हिंसेने बरबटलेल्या चित्रपटांना तीत स्थान नाही.

दुसरा आक्षेप असा की, भयपट अंधश्रद्धेला खतपाणी घालतात. पुष्कळ भयपट घालतातच. रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’सारख्या चित्रपटात सैतानावर अखेरचा उपाय म्हणून त्रिशूळच चालतो, डॉक्टर किंवा पोलीस यांचे काही चालत नाही. परंतु येथे महाराष्ट्राला एक आदर्श उपलब्ध आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे सहकारी शाळाशाळांतून चमत्कारांची प्रात्यक्षिके करीत: नारळ आपोआप पेटे, मुले स्तिमित होत, आणि मग त्यामागचे रसायन उघड करून दाखविले जाई. चमत्कार लपवून नव्हे, तो करून आणि उकलून दाखवून श्रद्धेच्या व्यापाऱ्यांचे भांडवल त्यांनी संपविले. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाला आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. कायदा मांत्रिकाला तुरुंगात घालू शकतो; त्याच्या दारी जाणाऱ्याच्या मनातील भय मात्र शिक्षकालाच काढावे लागते. भयपटाचा पाठ हा त्याच परंपरेतला पाठ ठरावा.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. हे करणार कोण आणि कसे? कायद्याची आडकाठी मानतात तेवढी नाही. स्वामित्वहक्काच्या १९५७ च्या कायद्यातील कलम ५२ अन्वये शिक्षणसंस्थेच्या कामाचा भाग म्हणून, केवळ शिक्षक, विद्यार्थी आणि पालक यांच्यापुरता चित्रपट दाखविण्यास मुभा आहे. २०२३ च्या दुरुस्तीने प्रमाणपत्रांत सात, तेरा आणि सोळा वर्षे असे वयाचे टप्पेही आले आहेत. त्यांचे पालन काटेकोर व्हावे, आणि प्रौढांसाठीचा चित्रपट शाळेच्या उंबरठ्याच्या आत येऊ नये. पालकांना आधी कळवावे. ज्या विद्यार्थ्याला पाहावयाचे नसेल त्याला खुशाल बाहेर बसू द्यावे, आणि त्याला भित्रा म्हणून हिणविणाऱ्याला शिक्षकाने तेथल्या तेथे समज द्यावी. अंधार करू नये. संपूर्ण चित्रपटापेक्षा निवडक प्रसंग पुरे. जेवढा वेळ पाहण्यात गेला त्याच्या दुप्पट वेळ बोलण्यात जावा, कारण चर्चेशिवाय दाखविलेला भयपट हा निव्वळ भयपटच राहतो.

शिक्षकांच्या तयारीचा प्रश्न खरा आहे, पण त्याचेही उत्तर आपल्या घरातच आहे. पुण्यात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. सतीश बहादूर आणि पी. के. नायर यांच्यासारख्या व्यक्तींनी तेथे चित्रपट रसास्वादाचे जे शिक्षण रुजविले, त्याने कित्येक पिढ्यांना पडद्याकडे पाहण्याची दृष्टी दिली. ते शिक्षण आजवर मुख्यतः हौशी रसिक आणि होतकरू दिग्दर्शक यांच्यापुरते राहिले. शासनाच्या शिक्षण विभागाने मनात आणले तर प्रत्येक जिल्ह्यातील काही निवडक भाषा-शिक्षकांना आणि इतिहास-शिक्षकांना दरवर्षी आठ-दहा दिवसांचे असे प्रशिक्षण देणे अशक्य नाही. त्यासाठी नवी इमारत लागत नाही आणि नवा विषयही सुरू करावा लागत नाही. मराठीच्या, इतिहासाच्या आणि विज्ञानाच्या तासांतच याला जागा करता येईल.

आपल्या शिक्षणाने अक्षर वाचावयास शिकविले, ही फार मोठी गोष्ट झाली. परंतु आजचा सामान्य माणूस दिवसभरात जेवढी अक्षरे वाचतो त्याहून किती तरी अधिक चित्रे पाहतो, आणि त्या चित्रांतील पुष्कळशी त्याला घाबरविण्यासाठीच बनविलेली असतात. कोणी औषध विकण्यासाठी घाबरवितो, कोणी ताईत विकण्यासाठी, कोणी मते मिळविण्यासाठी. या भयाच्या बाजारात आपण आपली मुले कोणत्याही शस्त्राविना पाठवीत आहोत. वर्गात दिवे लावून, शिक्षकाच्या सोबतीने, कापलेला आणि जोडलेला एक प्रसंग नीट पाहावयास शिकणे हे ते शस्त्र आहे. भुताची गोष्ट ऐकून आजीच्या कुशीत शिरणाऱ्या मुलाला आजी पाठीवर हात ठेवून सांगत असे की, अरे, ही गोष्ट आहे. तो हात आज अनेक मुलांच्या पाठीवर नाही. निदान शाळेने तरी तो ठेवावा.